तीन विमानं, एकावर एक

हिवाळ्यात सकाळी घाट उतरून कोकणात जाताना एखाद्या वळणावर थांबून समोर पाहिलं, तर क्षितिजालगत एक मळकट पट्टा दिसतो. वर आभाळ निळं, खाली झाडी हिरवी आणि मध्ये हा तपकिरी थर. धुकं असेल असं म्हणून आपण पुढे निघतो. पण ऊन चढलं की धुकं विरतं. हा पट्टा मात्र दुपारीही पुष्कळदा तसाच असतो. चुलीतली लाकडं आणि गोवऱ्या, डिझेलची इंजिनं, कोळशाच्या भट्ट्या, शेतात पेटवलेलं पाचट अशा सगळ्यांतून निघालेली काजळी आणि इतर बारीक कण त्यात असतात. मराठीत याला धुरकं हा चांगला शब्द आहे.

हिवाळ्यात आपल्याकडे वारा साधारण ईशान्येकडून, म्हणजे जमिनीवरून समुद्राकडे वाहतो. त्यामुळे भारतीय उपखंडाचं धुरकं वाहत वाहत हिंदी महासागरावर जातं. १९९९ मध्ये ‘इंडोएक्स’ नावाची मोठी आंतरराष्ट्रीय मोहीम याच धुरक्याचा माग काढत समुद्रावर गेली होती. हवामानशास्त्रज्ञ वीरभद्रन रामनाथन आणि नोबेल विजेते रसायनशास्त्रज्ञ पॉल क्रुट्झेन हे तिचे नेते. किनाऱ्यापासून शेकडो किलोमीटर आत, जिथे हवा निर्मळ असायला हवी, तिथेही त्यांना सुमारे ३ किलोमीटर जाडीचा धुरक्याचा थर सापडला.

मग प्रश्न उभा राहिला: हा थर हवा थंड करतो की तापवतो?

प्रश्न वाटतो त्यापेक्षा अवघड आहे. धुरक्यातले सल्फेटसारखे फिकट कण सूर्यप्रकाश परतवून लावतात. काजळी काळी असते, ती प्रकाश शोषून घेते आणि आजूबाजूची हवा तापवते. दोन्ही कामं एकाच वेळी चालू असतात. खाली समुद्रावर ऊन कमी पोचतं, एवढं नक्की. पण जे ऊन खाली पोचलं नाही त्यातलं किती अवकाशात परत गेलं आणि किती वाटेतच हवेत मुरलं? पहिला वाटा मोठा असेल तर थर एकूण गारवा देणारा. दुसरा मोठा असेल तर तो हवेतच ठेवलेली शेगडी. हवामानाच्या मॉडेलना हे सांगता येत नव्हतं, आणि त्याचं कारण समजून घ्यायचं तर मॉडेलच्या आत थोडं डोकवावं लागेल.

हवामानाचं मॉडेल म्हणजे महासंगणकावर चालणारा एक प्रचंड हिशेब. पृथ्वीभोवतीची हवा खोक्यांत कापायची. प्रत्येक खोक्याचं तापमान, दाब, आर्द्रता, वारा हे आकडे भरायचे आणि भौतिकशास्त्राचे नियम लावून पुढच्या काही मिनिटांनी ते काय होतील ते काढायचं. मग पुन्हा पुढची मिनिटं. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत तयार झालेली आणि मे २०२५ मध्ये भारतीय हवामान विभागाकडे सोपवलेली ‘भारत फोरकास्ट सिस्टम’ ६ किलोमीटरची खोकी वापरते. जगातल्या अशा मॉडेलांत ही खोकी बारीकच म्हणायची, तरीही पुण्याच्या सगळ्या पेठा तिच्या एका खोक्यात मावतात. पुढच्या पन्नास-शंभर वर्षांचं हवामान काढणाऱ्या मॉडेलांची खोकी बहुधा १०० किलोमीटरच्या आसपास असतात. त्यांच्या लेखी पुणे आणि सातारा एकाच ठिकाणी.

आता या खोक्याच्या आत काय काय चाललेलं असतं पाहा. ढगांचे थेंब जुळत असतात. जमिनीवरून गरम हवेचे भोवरे उठत असतात. काजळीचा कण ऊन खात असतो. यातलं काहीच मॉडेलला दिसत नाही, कारण हे सगळं खोक्याहून कितीतरी लहान. म्हणून त्याच्या जागी एक सूत्र बसवतात: खोक्यात एवढी काजळी, एवढी आर्द्रता असेल तर सरासरी परिणाम एवढा धरा. या पद्धतीला पॅरामीटरायझेशन म्हणतात.

लग्नातला आचारी प्रत्येक पाहुण्याला भूक किती आहे हे विचारत बसत नाही. शंभर पानांना तांदूळ किती, डाळ किती हा त्याचा हिशेब ठरलेला असतो आणि तो बहुतेक वेळा बरोबर येतो, कारण त्यामागे आधीच्या शेकडो पंगती असतात. मॉडेलमधलं सूत्रही असंच. मागे पुरेशी मोजमापं असतील तर ते बरोबर चालतं. पण समुद्रावरच्या ३ किलोमीटर जाड धुरक्यात कुणी पंगत वाढलेलीच नव्हती. तिथला हिशेब म्हणजे निव्वळ अंदाज. महासंगणक कितीही वेगवान आणा, अंदाजावर उभं केलेलं सूत्र वेगाने चुकीचं उत्तर देईल.

माझ्या मते मानवरहित विमानांचं हवामानशास्त्रातलं सगळ्यात मोलाचं काम इथे आहे. ड्रोन म्हटलं की उद्याच्या पावसाचा अंदाज सुधारेल, असं पहिल्यांदा मनात येतं. तेही काम आहे: वरच्या हवेचे ताजे आकडे मॉडेलमध्ये भरले की त्याची सुरुवात नीट होते. पण तो आकडा एक-दोन दिवसांत शिळा होतो. सूत्र दुरुस्त झालं तर ते पुढच्या प्रत्येक अंदाजात आणि शंभर वर्षांच्या प्रत्येक हिशेबात दुरुस्त राहतं.

तर धुरक्यात मुरणारं ऊन मोजायचं कसं?

ज्यांनी पाटाच्या पाण्यावर शेती केली आहे त्यांना हे लगेच कळेल. धरणातून पाणी सुटलं की सगळंच्या सगळं टेलच्या शेतकऱ्यापर्यंत पोचत नाही. वाटेत झिरपतं, उडून जातं. याला पाटबंधारे खात्याच्या भाषेत वहनव्यय म्हणतात. तो मोजायचा तर कालव्याच्या मुखाशी किती पाणी आत गेलं आणि टेलला किती पोचलं, हे एकाच वेळी मोजावं लागतं. एकाच माणसाने आधी मुखाशी मोजलं आणि मग मोटारसायकलवरून टेलला जाऊन मोजलं, तर मधल्या वेळात कुणी दार वरखाली केलं की हिशेब कोसळला. समोर आलेला फरक गळतीचा की दाराचा, हे सांगता येत नाही.

उन्हाचंही तसंच. थराच्या वर किती ऊन आलं आणि थराखाली किती उरलं, दोन्ही ठिकाणी परतून वर जाणारं किती, हे सगळं मोजून वजाबाकी केली की थरात मुरलेलं ऊन मिळतं. एकच विमान आधी वर आणि मग खाली उडवलं तर मधल्या वेळात ढग सरकतो, सूर्य सरकतो. शिवाय ही मोठ्या आकड्यांतून मोठा आकडा वजा करून लहान उत्तर काढण्याची कसरत आहे. भर दुपारी स्वच्छ उन्हात दर चौरस मीटरवर साधारण १००० वॉट ऊर्जा पडते. समजा त्यातले २० वॉट धुरक्यात मुरले. वरच्या आणि खालच्या मोजणीत दोन-दोन टक्क्यांची जरी गफलत झाली, तरी ते २० वॉट त्या गफलतीत बुडून जातील. उपग्रह वरून पाहतो, जमिनीवरचं केंद्र खालून पाहतं. मधल्या थराच्या वरच्या आणि खालच्या कडेला एकाच क्षणी मोजणारं कुणी नव्हतं.

हे काम मालदीवच्या हनिमाधू बेटावर झालं. नकाशावर मुंबईवर बोट ठेवून सरळ दक्षिणेला साडेतेराशे किलोमीटर खाली या. जवळजवळ त्याच रेखांशावर, मालदीवच्या उत्तर टोकाकडे हे बेट आहे. वारा आमच्याकडून, आणि मोजणारे त्या वाऱ्याच्या वाटेत उभे. मार्च २००६ मध्ये अमेरिकेतल्या स्क्रिप्स इन्स्टिट्यूशन ऑफ ओशनोग्राफीचा गट रामनाथन यांच्या नेतृत्वाखाली तिथे उतरला. रामनाथन बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले. फ्रीजमध्ये वापरले जाणारे क्लोरोफ्लुरोकार्बन वायूही पृथ्वी तापवतात, हे १९७५ मध्ये दाखवून देणारे तेच.

त्यांच्याकडे ‘मॅन्टा’ नावाची छोटी मानवरहित विमानं होती. प्रत्येकाच्या पोटात काही किलो वजनाची उपकरणं: येणारं आणि परतणारं ऊन मोजणारी, काजळी किती प्रकाश खाते ते पाहणारी, कणांचा आकार आणि संख्या टिपणारी, ढगातले थेंब मोजणारी, शिवाय तापमान आणि आर्द्रता. मोठ्या संशोधन विमानात ही उपकरणं खोलीभर जागा घेतात. ती हलकी करून इवल्या विमानात बसवणं हेच वर्षांचं काम होतं, आणि मला वाटतं या गोष्टीतला सर्वांत कमी कौतुक झालेला भाग हाच आहे.

मग तीन विमानं एकावर एक उडवली. खालचं सुमारे अर्ध्या किलोमीटरवर, वरचं सुमारे ३ किलोमीटरवर, आणि एक मधल्या थरात. वरचं विमान थरावर पडणारं ऊन मोजतंय, मधलं धुरक्यातून आणि ढगांतून जातंय, खालचं उरलेलं ऊन मोजतंय. काही सेकंदांच्या फरकाने तिघंही एकाच जागेवरून जातील असं संगणकाने त्यांना बांधून ठेवलेलं. माणसं बसलेली तीन विमानं अशी एकाच उभ्या रेषेत तासन्‌तास, पुन्हा पुन्हा, समुद्रावर उडवत ठेवणं खर्चाचं आणि जोखमीचं. छोट्या विमानांना ते जमलं. शिवाय ती हळू उडतात, त्यामुळे वाटेतला प्रत्येक बदल बारकाईने टिपला जातो. अशा १८ मोहिमा झाल्या.

निष्कर्ष ऑगस्ट २००७ मध्ये ‘नेचर’ या शोधपत्रिकेत आले. खालच्या हवेची उन्हाने होणारी तापवणूक या तपकिरी धुरक्यामुळे सुमारे ५० टक्क्यांनी वाढत होती. हे मोजलेले आकडे मॉडेलमध्ये घालून पाहिल्यावर दिसलं की आशियाच्या या भागात खालच्या वातावरणाच्या तापमानवाढीत धुरक्याचा वाटा हरितगृह वायूंच्या अलीकडच्या वाढीइतकाच असू शकतो. दोन्ही मिळून दर दशकाला सुमारे पाव अंश. हिमालयातल्या हिमनद्या मागे हटण्यामागे हे कारण पुरेसं ठरू शकतं, असंही त्या लेखात म्हटलं होतं.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी, कारण तिच्यावरून गोंधळ होतो. धुरक्याने समुद्राचा आणि जमिनीचा पृष्ठभाग ऊन कमी मिळाल्यामुळे थोडा गार राहतो. त्याच वेळी वरची हवा तापते. म्हणजे ‘प्रदूषणाने गारवा येतो’ हे जमिनीपुरतं खरं आणि हवेपुरतं खोटं. मोसमी पाऊस हा जमीन आणि समुद्र यांच्या तापण्यातल्या फरकावर आणि समुद्राच्या बाष्पावर चालतो. त्यामुळे ऊन नेमकं कुठे मुरतं हा प्रश्न आपल्या खरिपापर्यंत पोचतो.

हनिमाधूच्या मोजणीनंतर दोन वर्षांनी, २००८ मध्ये, बीजिंग ऑलिंपिकच्या वेळी चीनने कारखाने आणि वाहनांवर निर्बंध घातले तेव्हा याच गटाने दक्षिण कोरियाच्या जेजू बेटावरून विमानं उडवली. निसर्गात क्वचितच मिळणारी संधी ती: धुराचा नळ कुणीतरी काही आठवडे आवळून धरला होता. त्या मोजणीतून निघालेली गोष्ट सूत्रांच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. कोळसा-डिझेलसारख्या खनिज इंधनाचा वरचष्मा असलेला धूर, लाकूड-पालापाचोळ्याचा वरचष्मा असलेल्या धुरापेक्षा हवा तापवण्यात सुमारे दुप्पट प्रभावी ठरला. एक किलो काजळी म्हणजे एक किलो काजळी, असा सरधोपट हिशेब चालत नाही. ती कोणाच्या संगतीने आली आहे ते पाहावं लागतं.

पण मला स्वतःला सर्वांत जास्त भावलेला शोध २०१२ चा आहे. पुन्हा हनिमाधू, पुन्हा मार्चच्या आसपास. या वेळी विमानांवर हवेची खळबळ मोजणारी उपकरणंही होती.

बादलीत पाणी तापवायला हीटरचा रॉड अर्धवट बुडवून लावला की काय होतं ते घरोघरी माहीत आहे. वरचं पाणी कढत, खालचं गारच. हात घालून ढवळल्याशिवाय आंघोळ करता येत नाही. तेच पातेलं गॅसवर ठेवलं तर खालून तापलेलं पाणी वर येतं, वरचं खाली जातं, आपोआप ढवळलं जातं. हवाही खालून तापली तर ढवळली जाते. रोज दुपारी आपल्या डोक्यावर हेच चालतं. जमिनीलगतच्या ज्या थरात हे ढवळणं होतं त्याला सीमास्तर म्हणतात. बाष्प, धूर, उष्णता सगळं त्याच्यातूनच वर जातं.

काजळी या बादलीत वरून रॉड लावते. खाली ऊन कमी, वर तापलेला थर. ढवळणं मंदावणार, हा तर्क होता. विमानांनी तो मोजून दाखवला: काजळी जास्त असलेल्या दिवशी समुद्रालगतच्या थरातली खळबळ कमी, तो थर उथळ आणि जास्त दमट. आणि त्यापुढची गोष्ट अनपेक्षित होती. ‘इंडोएक्स’नंतर असा विचार मांडला गेला होता की काजळी भोवतालची हवा तापवून ढग वाळवून टाकते. इथे प्रदूषित दिवसांतले ढग उलट जास्त उंच चढलेले दिसले, कारण खाली अडकलेली आर्द्रता त्यांना खतपाणी घालत होती. म्हणजे पहिला तर्क सरसकट खोटा ठरला असं नाही. पण मॉडेलमध्ये खळबळीचं आणि काजळीचं सूत्र वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवून चालणार नाही, दोघं एकमेकांना हलवतात, हे त्या मोजणीने स्पष्ट केलं. ढवळणं मंदावलं की खालचा धूर खालीच कोंडतो, हे आपल्या फुप्फुसांसाठीही महत्त्वाचं.

वादळांच्या बाबतीतही अशीच पोकळी आहे. चक्रीवादळाला शक्ती मिळते ती समुद्राच्या पृष्ठभागालगतच्या काही शे मीटरांत, जिथे गरम पाण्यातून उष्णता आणि बाष्प हवेत शिरतं. माणसं घेऊन जाणारं विमान तिथे उतरू शकत नाही. अमेरिकेची वादळ-विमानं साधारण ३ किलोमीटरवरून जातात आणि खाली उपकरणं टाकतात, ती काही मिनिटांत समुद्रात पडतात. म्हणून त्यांनी विमानातूनच छोटी ड्रोन सोडायला सुरुवात केली: २०१४ मध्ये एदुआर्द वादळात ‘कोयोट’, २०२२ मध्ये इयन वादळात ‘अल्टियस-६००’.

मग अशी विमानं रोज, सगळीकडे का उडत नाहीत? वजन हे पहिलं कारण: उपकरणं काही किलोंचीच नेता येतात. थंड ढगात शिरलं की पंखांवर बर्फ धरतो. बॅटरीवर सरळ वर उडणारं ड्रोन बहुधा अर्धा-पाऊण तासच टिकतं. इंधनावरचं बरंच टिकतं: हवामानाच्या कामासाठीच बनवलेलं ‘एरोसोंड’ हे साधारण १३ किलोचं विमान ऑगस्ट १९९८ मध्ये जेमतेम पावणेसहा लिटर इंधनात अटलांटिक ओलांडून गेलं होतं, सुमारे २७ तासांत. आपली स्कूटर तेवढ्या पेट्रोलमध्ये पुण्याहून कोल्हापूरला जाईल. आणि मोठं कारण म्हणजे आकाश मोकळं नाही. प्रवासी विमानांच्या वाटेत ड्रोन येऊन चालत नाही. भारताच्या २०२१ च्या ड्रोन नियमांनुसार ‘हिरव्या’, म्हणजे सर्वांत मोकळीक असलेल्या, क्षेत्रातही साधारण १२० मीटरपर्यंतच पूर्वपरवानगीशिवाय उडता येतं. हवामानाच्या दृष्टीने १२० मीटर म्हणजे उंबरठासुद्धा नाही.

आपल्याकडे वरची हवा रोज मोजतात ती फुग्यांनी. मुंबई, नागपूर, पणजी अशा ठिकाणांहून रेडिओसोंड, म्हणजे हवा मोजून रेडिओने आकडे खाली पाठवणारी छोटी पेटी, बांधलेले फुगे सोडतात. जगभर एकाच वेळी सोडायचे म्हणून आपल्या वेळेनुसार पहाटे साडेपाच आणि संध्याकाळी साडेपाच. फुगा मिनिटाला साधारण ३०० मीटर चढतो, म्हणजे सीमास्तर काही मिनिटांत मागे टाकून निघून जातो. जगातल्या हवामान अंदाजाचा तो कणा आहे, यात शंका नाही. पण वेळा पाहा. पहाटे साडेपाचला जमिनीवरचं पातेलं अजून गॅसवर चढलेलंच नसतं. संध्याकाळी साडेपाचला गॅस बारीक व्हायला लागलेला असतो. मधलं उकळणं फुग्यांना दिसतच नाही.

सोलापूर-धाराशिवकडचा एप्रिल-मेमधला वळीव डोळ्यांपुढे आणा. सकाळी आभाळ कोरडं. दुपारी दोन-तीनपर्यंत खालची हवा तापून वर धडका देत असते आणि वरच्या उष्ण, कोरड्या थराचं झाकण तिला अडवून धरतं. झाकण टिकलं तर नुसताच उकाडा. फुटलं तर तासाभरात ढग, वीज, गारा, द्राक्ष-आंब्याचं नुकसान. ते झाकण त्या दिवशी किती उंचीवर आहे, किती पातळ झालं आहे, हे बाराला, एकला, दोनला मोजता आलं तर? अमेरिकेत ओक्लाहोमा विद्यापीठाने नेमक्या याच कामासाठी ‘कॉप्टरसोंड’ हे ड्रोन बनवलं आहे: एकाच जागेवरून सरळ वर जायचं, मोजत यायचं, बॅटरी बदलून पुन्हा वर. स्वित्झर्लंडमधली हवामान ड्रोन ६ किलोमीटरपर्यंत जातात. २०२४ मध्ये जागतिक हवामान संघटनेने मार्च ते सप्टेंबर अशी मोहीम घेऊन अनेक देशांतल्या ड्रोनच्या नोंदी अंदाजाच्या कामात कितपत येतात ते तपासलं.

ढगात शिरून मोजण्याची सवय आपल्याला नाही असं नाही. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने २००९ पासून ‘कायपीक्स’ मोहिमेत माणसांची विमानं मोसमी ढगांत नेली, २०१८ आणि २०१९ मध्ये सोलापुरातून. महाबळेश्वरला ढग खिडकीशी येतात म्हणून तिथे ढगांची प्रयोगशाळा आहे. पण दख्खनच्या पठारावर मे महिन्यात ते झाकण जमिनीपासून दोन-तीन किलोमीटर, कधी त्याहूनही उंच असतं, आणि ते फुटायच्या आधीचे दोन-तीन तास मोजायचे तर रोज, दर तासाला, तिथपर्यंत जाऊन परत येणारं काहीतरी हवं.